तिसरं पान

सोळा पानांचं पुस्तक, दोन पिना, पिवळं कव्हर.
छापायच्या आधी पोरांना दाखवून आणा,
शाहूपुरीतल्या प्रेसवर अस्लम बागवान म्हणाले,
मागाहून प्लेट बदलाय लावशीला तर पैसे तुमचे.
म्हणून वडणग्याला गेलो, जानेवारीत,
गुऱ्हाळाच्या धुरातनं,
स्कूटरच्या डिकीत चित्रं आणि रंगाच्या डब्या.

दुसरीचा वर्ग. नेजदार बाईंनी खडू खाली ठेवला.
मी वाचलं, पान चार:
प्रत्येक झाड बीपासून उगवतं.
"न्हाई," हर्षली मगदूम उभीच राहिली.
"उसाला कोण बी लावतंय?
डोळा लावत्यात.
आमचा आज्जा कांडी हातात फिरवून बघतोय,
डोळा वर पाहिजे म्हणतोय,
खाली गेला की उशिरा उगवतोय."
सगळा वर्ग माझ्याकडं बघाय लागला,
मीच उलटा लावल्यासारखा.

पान सहा, भुईमूग.
शेंगा मी फांदीला काढल्या होत्या,
चिंचेसारख्या, झुबक्यानं, चांगल्या पिवळ्याधमक.
मी मंगळवार पेठेतला.
माझ्या शेंगा रंकाळ्यावर कागदाच्या पुडीत येतात,
गरम, मीठ लावलेल्या.
हसू आधी मागच्या रांगेतनं आलं.
विश्वजित कुंभारनं करंगळी वाकवली,
बेंचच्या फटीत घातली.
"फूल वर येतंय. मग आर सुटती.
आर मातीत शिरती.
मग शेंग."
चाळीस वर्षांचा मी,
आर हा शब्द त्या दिवशी वहीत लिहिला
आणि त्याच्याखाली दोनदा रेघ मारली.

नमुन्याच्या पानावर चिकटवलेला घेवडा
कुणीतरी खाल्ला. डिंकासकट.

खिडकीपाशी एकजण बसला होता,
हजेरीत ज्याचं नाव नाही असा.
टोळीतला आहे, बाई हळू म्हणाल्या, बीडकडचा,
कारखाना चालू आहे तोवर येतो.
पुस्तक त्याच्यापर्यंत पोचलं तेव्हा
त्यानं चित्रं बघितली नाहीत,
कागदाचा वास घेतला, आणि पुढं दिलं.

मी स्कूटरला किक मारली तेव्हा तो गेटवर होता.
मूठ उघडली:
एक बी. करडं, चपटं,
पोटावर बारीक पांढरी रेघ.
"कशाचं रं?"
"आमच्या घरामागलं."
"नाव काय त्याचं?"
"आईला ठावं."
"आणि तुझं?"
"आश्रुबा."
आई फडात होती. फड नदीच्या पलीकडं होता.
मी म्हणालो, पुढच्या वेळी विचारून ठेव.

पुढच्या वेळी, म्हणजे मार्चच्या शेवटाला,
बाजूच्या रानात कोप्यांच्या जागी
नुसती चुलींची काळी वर्तुळं होती.

ते बी मी रंगाच्या रिकाम्या डबीत लावलं,
तळाला खिळ्यानं भोक पाडून.
कशाचं म्हणून विचारत फिरलो.
बाजारगेटातल्या बियाणांच्या दुकानदारानं
माझ्या चित्राकडं बघून
दोन वेगवेगळी नावं सांगितली, आठवड्याच्या अंतरानं.
नेजदार बाईंनी मान हलवली.
हर्षलीच्या आज्जानं चष्मा पुसला, फोटो दूर धरला,
म्हणाला, आमच्या भागातलं न्हाई हे.

मग एका सकाळी माती उचलली गेली.
दोन पानं. गुळगुळीत, गोलसर, जाडसर.
मी आजवर सगळ्याच रोपांना
हीच दोन पानं काढत आलो,
भोपळा असो, मूग असो,
आणि चूक आहे असं कुणी म्हणालं नाही.
ओळख तिसऱ्यापासनं सुरू होते.

बागवानांना चार नवी पानं दिली.
चारवर आता कांडी आहे,
तिचा डोळा वर बघतोय.
सहावर आर आहे, करंगळीएवढी,
तिच्या टोकाला माती.
"आणि सोळावं?" ते म्हणाले. "शेवटचं पान कुठाय?"
मी डबी टेबलावर ठेवली.

ते वाकून बघत राहिले.
मशीन मागं चालूच होतं,
कुणाच्या तरी लग्नपत्रिका पडत होत्या
एकावर एक.
"थांबू या?" त्यांनी विचारलं.
"थांबू या की."